मावशीच्या बटव्यातला ‘आय’

दिनांक: एप्रिलचा पहिला रविवार, सकाळी साडेसात. स्थळ: देऊळघाट, आमच्या घराची गच्ची. हजर: पीठ मळणारी, पीठ कुटणारी, लाट्या पाडणारी, लाटणारी, वाळत घालणारी, राखणीला बसणारी मावशी आणि डबे भरून वही लिहिणारी मी. एकूण सात. गैरहजर: कोणी नाही. विषय: इंग्रजी.

वहीतली नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. वहीत नावं असतात, इथे गाळली. तशीही आमच्या पापडाच्या गटात बाई कामावरूनच ओळखली जाते. बारा वर्षं झाली, जिचं जे काम तिचं ते काम. तिसऱ्या वर्षी मी एकदा पाळीपाळीने कामं बदलून पाहिली. मळणारी लाटायला बसली, लाटणारी मळायला. त्या उन्हाळ्याचे पापड कोणाला देण्यासारखे झाले नाहीत, ते आम्हीच आमच्या घरी दिवाळीपर्यंत खाल्ले. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिलेला आहे: काम बदलायचं नाही. नवीन काम निघालं तर चिठ्ठ्या टाकायच्या, आणि चिठ्ठीवर वाद नाही.

इंग्रजीचा विषय लाटणारीने काढला. तिच्याइतका पातळ पापड आमच्याकडे कोणाचा होत नाही. तिचा मुलगा बंगलोरला नोकरीला आहे. दीड वर्षापूर्वी त्याने तिथेच एका केरळच्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं आणि घरी दोन दिवस आधी सांगितलं. लाटणारी गेली नाही. त्या दिवाळीला सुनेने सासूसाठी कुरिअरने साडी पाठवली. लाटणारीने खोकं उघडून पाहिलं, साडी हिरवी होती एवढं पाहिलं, पुन्हा बंद केलं आणि त्याच पोऱ्याच्या हाती परत धाडलं. सुनेने यावर कधी काही विचारलं नाही. मुलगा फोन करायचा तो बापाला. तिलाही द्या म्हणाला नाही, आणि तिनेही मागितला नाही.

आता दोघं पहिल्यांदाच गावी येणार होती, एप्रिलच्या शेवटी, चार दिवस. सुनेला मराठी येत नव्हतं, हिंदीही जेमतेम. मुलगा म्हणाला होता, मी आहे ना, काय बोलायचं ते मला सांग, मी तिला सांगतो.

लाटणारी लाटणं न थांबवता म्हणाली, “त्याच्या तोंडून नको. तो सारं गोड करून सांगते. म्या धाडलं वापस, तं म्याच सांगीन.”

मी पाचवीपर्यंतच्या मुलांची शिकवणी घेते, म्हणून सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. मी विचारलं, किती वाक्यं? ती म्हणाली, दोन. ‘मी ते परत पाठवलं. माझं चुकलं.’ मी ती इंग्रजीत लिहून दिली: आय सेंट इट बॅक. आय वॉज राँग. खरं तर काम तिथेच संपायला हवं होतं. पण आमच्या गटात एकटीने काही करायची पद्धत नाही. लाटणारी म्हणाली की एकटीला शिकायला लाज वाटते, सगळ्या शिकल्या तर मी शिकते. बाकीच्यांना ते लगेच पटलं, कारण सून गच्चीवर येणार आणि आपण नुसतं पाहत बसायचं हे कोणालाच बरं दिसत नव्हतं.

मग मी नियोजन केलं. हाताशी तीन आठवडे. आधी मूळ गोष्ट सांगितली. आपल्या बोलण्यात क्रियापदच सगळं सांगून टाकतं. ‘गेले’ म्हटलं की गेली ती मीच, आणि बाई माणूसच. इंग्रजीत तसं चालत नाही. तिथे प्रत्येक वाक्याच्या दाराशी कोणीतरी उभं राहून काम आपल्या अंगावर घ्यावं लागतं, तरच वाक्य पुढे सरकतं. असे दाराशी उभे राहणारे शब्द सात: आय, यू, वुई, दे, ही, शी, इट. आणि आम्हीही सात. मला हा हिशेब फार आवडला. एकेकीने एकेक शब्द घ्यायचा, त्याच्याबरोबर चालणारं क्रियापद घ्यायचं, ‘आय’ला ‘ॲम’ आणि ‘वॉज’, ‘दे’ला ‘आर’ आणि ‘वेअर’, आणि त्या शब्दात पक्कं व्हायचं. पापड असाच होतो. नियोजन म्हणून यात मला आजही चूक दिसत नाही.

उच्चारांवरून जे विनोद व्हायचे ते पहिल्या अर्ध्या तासात होऊन गेले, ते इथे लिहीत नाही.

चिठ्ठ्या हळदीच्या रिकाम्या डब्यात टाकल्या. मळणारीला ‘ही’ आला. लाट्या पाडणारीला ‘वुई’ आला, जी सासू, जावा आणि माहेर या तिन्हीकडे बोलत नाही. मला ‘दे’. राखणीच्या मावशीला ‘आय’. आणि लाटणारीला ‘इट’.

अडचण माझ्या तेव्हाच लक्षात आली. मी म्हटलं, मावशी, तुमची चिठ्ठी लाटणारीला द्या, तिची तुम्ही घ्या, तिला त्या शब्दाचं काम आहे. मावशी सत्तरीच्या आहेत. गच्चीच्या कोपऱ्यात काठी घेऊन बसायचं आणि कावळे, शेळ्या आणि शेजारची पोरं पापडापासून दूर ठेवायची, हे त्यांचं काम. त्या काठी आडवी ठेवून म्हणाल्या, “घर पोराच्या नावावर. वावर पोराच्या नावावर. गॅसची टाकी सुनेच्या. हे एक माह्या नावानं निंघालं, तं तेही देऊ?”

आणि चिठ्ठी घडी करून बटव्यात सुपारीशेजारी ठेवली. चिठ्ठीवर वाद नाही हा नियम माझाच होता. मी वहीत लिहिलं: आय, मावशी.

शिकवणी रोज अकरा ते साडेअकरा, पहिला घाणा वाळत पडला की. सर्वांत अवघड गेला तो तिसरा दिवस. त्या दिवशी मी सांगितलं की आपला ‘मी’ म्हणजे इंग्रजीतला ‘आय’, आणि इंग्रजीत ज्याला ‘मी’ म्हणतात तो आपला ‘मला’. दाराशी ‘आय’ उभा राहतो, ‘मी’ला आत बसवायचं. यानंतर दोन दिवस गच्चीवर कोणीच काही बोललं नाही, मराठीतसुद्धा. कुटणारी पाणी मागायला तोंड उघडायची आणि विचार करून उठून स्वतःच घ्यायची.

मळणारीने वेगळा प्रश्न काढला. इंग्रजीत ‘तो’ आणि मानाचं ‘ते’ असा फरकच नाही. सासऱ्याला ‘ही’, नवऱ्याला ‘ही’ आणि बोक्यालाही ‘ही’ म्हणायचं, हे तिला मान्य नव्हतं. नवऱ्याचं नाव तिने आजवर घेतलेलं नाही, आता त्याला एकेरीत आणायचं? मी म्हटलं, तिकडे तो अपमान धरत नाहीत. ती म्हणाली, तिकडे नसतील धरत, माझे तर इथेच ओसरीवर बसलेले असतात. शेवटी तिने ‘ही’ फक्त बोक्यासाठी आणि धाकट्या दिरासाठी ठेवला. दिराला अजून माहीत नाही.

‘नवरा आणि मी’ असं सांगायचं असेल तर इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवतात, ‘माय हजबंड अँड आय’, हे मात्र सगळ्यांना एका दमात पाठ झालं. वाळत घालणारी म्हणाली, म्हणजे तिकडेही बाईने स्वतःचं ताट शेवटीच वाढायचं. मी सांगितलं, पुरुषही तसंच म्हणतात, ‘माय वाइफ अँड आय’. यावर कोणाचा विश्वास बसला नाही.

मावशी मात्र जोरात होत्या. आय ॲम. आय वॉज. आय हॅव. कावळा हाकलताना आता “हाड” ऐवजी “आय ॲम” म्हणायच्या, आणि कावळा जायचा.

लाटणारी सगळ्यांत लवकर शिकली. तिची जीभही तिच्या हातासारखीच हलकी आहे. दोन आठवड्यांत ती ‘इट’ने सुरू होणारं काहीही सांगू शकत होती. इट इज हॉट. इट इज ड्राय. इट इज थिन. मी म्हटलं, आता त्या साडीचं सांग बघू. तिने पोळपाटाकडे बघत सांगितलं: इट वॉज अ सारी. इट वॉज ग्रीन. इट केम. इट वेंट.

“कोणी पाठवली परत?” मी विचारलं.

“इट वेंट,” ती म्हणाली.

“आपोआप?”

“हाव.”

सगळ्या हसल्या, तीही हसली. मी हसले नाही, कारण पाहुणे यायला आठच दिवस राहिले होते. त्या संध्याकाळी डबे भरून झाल्यावर मी तिला एकटीला थांबवलं आणि म्हटलं, हे बघ, नियम मी केला, मी मोडते. मावशीला कळणार नाही. तू घरी ‘आय’ म्हणून सराव कर. तिने साडीच्या पदराला हात पुसले आणि म्हणाली, “नाही बाई. नियम म्हंजे नियम.”

ही बाई घरी चार माणसांत एकही नियम पाळत नाही. तेव्हा मला कळलं की अडचण चिठ्ठीची नव्हती. पण वहीत तसं लिहायला रकाना नाही.

पाहुणे बुधवारी आले. गुरुवारी सकाळी गच्चीवर हजर: आम्ही सात, मुलगा आणि सून. एकूण नऊ. सून उंच, सावळी, कुर्ता घातलेली. पायऱ्या चढून आली तीच सरळ सतरंजीवर मांडी घालून बसली. मुलाकडून तिने थोडं मराठी उचललं होतं. मुलगा तिच्याशी जे बोलतो तेच तिला येत होतं, म्हणजे सगळं ‘तू’ मध्ये. आदल्या दिवशी तिने सासऱ्याला “तू चहा पी” म्हटलं होतं, आणि चहा कधीही न पिणाऱ्या त्या माणसाने कप रिकामा केला होता. मला म्हणाली, “तू छान आहेस.” मी थँक्यू म्हटलं आणि वहीत घेतलं: सूनबाईला तुम्ही, आपण शिकवणे.

ठरल्याप्रमाणे आम्ही ओळीने बसलो. मी प्रत्येकीला सांगून ठेवलं होतं की पाळी आल्यावर आपापल्या शब्दाने एक वाक्य म्हणायचं, म्हणजे लाटणारीला एकटं वाटणार नाही. वुई मेक पापड. यू आर टॉल. शी इज गुड, हे कुटणारीने सुनेकडे बोट दाखवून म्हटलं. मळणारी म्हणाली ही इज कॅट. सून प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मग लाटणारीची पाळी आली. तिने लाटणं खाली ठेवलं. बारा वर्षांत काम चालू असताना लाटणं खाली ठेवलेलं मी पाहिलेलं नाही.

ती म्हणाली, “इट वॉज अ सारी. इट वॉज ग्रीन. इट केम.” आणि थांबली. मग अगदी हळू, “इट वेंट.”

सुनेने तिच्याकडे बघत साधंच विचारलं, “हू सेंट इट बॅक?”

आम्ही सहा जणींनी एकदम मावशीकडे पाहिलं. हे आम्ही ठरवून केलं नाही. तीन आठवड्यांची सवय होती: वाक्यात ‘मी’ लागला की मावशी. मावशींनाही ती सवय होती. त्या काठी टेकवून उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्या गच्चीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आय.”

मुलगा लगेच पुढे झाला. “अगं नाही, तसं नाही, मावशीने नाही, ते…” असं तो एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत म्हणू लागला. लाटणारी त्याला म्हणाली, “तू गप बैस.” त्याला गप्प केल्यावर आता ती स्वतः बोलेल असं मला वाटलं. तिचे ओठ हललेही. पण मावशी उभ्याच होत्या, आणि उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाला बस म्हणायचं, तेही पाहुण्यांसमोर, हे तिच्याने झालं नाही. किंवा तिला तेवढं निमित्त पुरलं.

सून उठली, खाली गेली आणि येताना आणून ठेवलेल्या पिशवीतून एक खोकं घेऊन वर आली. तेच खोकं. कुरिअरची पहिली चिठ्ठी आणि तिच्यावर चिकटवलेली परतीची चिठ्ठी, दोन्ही तशाच. तिने ते दोन्ही हातांनी मावशींच्या हातात दिलं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “तू घे.”

मावशींनी खोकं उघडलं. साडी हिरवी होती, काठ सोनेरी. त्यांनी ती गालाला लावून पाहिली. मग त्यांना तिसरं क्रियापद आठवलं आणि त्या समाधानाने म्हणाल्या, “आय हॅव.”

सुनेला खरं ठाऊक होतं की नव्हतं, हे मला सांगता येणार नाही. नवऱ्याने तिला दीड वर्षात सांगितलंच असेल. ती हसत होती एवढं मी पाहिलं, आणि लाटणारीकडे बघून हसत होती हेही पाहिलं. लाटणारीने लाटणं उचललं आणि पुढची लाटी घेतली. त्या दिवशीचे तिचे पापड जाड झाले. मी ते वेगळ्या डब्यात भरले.

पुढचे दोन दिवस मी तीनदा प्रयत्न केला. मावशींना सांगितलं, साडी तुमच्याकडे राहू द्या, नुसता ‘आय’ एक दिवस उसना द्या. त्या म्हणाल्या, साडी ‘आय’ मुळे आली, ‘आय’ दिला तर साडीही जाईल. यात मला खोट काढता आली नाही. लाटणारीला सांगितलं की सून रोज तुझ्या शेजारी बसून लाटायला शिकते आहे, तुम्ही दोघीच असता, म्हण की. ती म्हणाली, लाटताना बोलू नये, पापडाला भोक पडतं.

शनिवारी त्यांना सोडायला आम्ही दोघी बुलडाण्याच्या स्टँडवर गेलो, म्हणजे लाटणारी आणि मी. पापडाचे चार डबे बरोबर दिले, त्यात तो जाड पापडांचाही होता, सुनेनेच तो मागून घेतला. गाडी लागली. मुलगा बॅगा चढवायला गेला. लाटणारीने सुनेचा हात धरून ठेवला. कंडक्टरने घंटी दिली तेव्हा ती म्हणाली, “इट वॉज राँग.”

सून म्हणाली, “येस. इट वॉज.” मग गाडीच्या पायरीवरून मागे वळून, “आता तू ये.”

सासूला ‘तू’ म्हणत नाहीत. आपल्याकडे ‘तू’ म्हणायचं ते आईला. वहीत घेतलेलं ते काम, ‘सूनबाईला तुम्ही, आपण शिकवणे’, मी परतीच्या जीपमध्ये खोडलं. लाटणारी खिडकीकडे तोंड करून बसली होती. देऊळघाट यायच्या थोडं आधी तिने विचारलं, “अर्धं तं झालं ना व?” मी म्हटलं, अर्धं झालं. राँग झालं, आय राहिलं.

तेव्हापासून सून दर रविवारी फोन करते, आता तो बापाला नसतो. लाटणारी तिला सांगते इट इज हॉट, इट इज व्हेरी हॉट, आणि परवा म्हणे इट रेन्ड. सून दर वेळी विचारते, कधी येतेस. ती म्हणते, पापड आटोपू दे. पापड आटोपून महिना झाला.

मावशी मे महिन्यात लेकीकडे हिवरा आश्रमाला गेल्या, त्या अजून तिकडेच आहेत. हिरवी साडी आणि बटवा बरोबर नेला. मी फोन केला तर आधी “आय ॲम फाइन” म्हणाल्या आणि मग विषय ऐकून घेतला. त्या देणार नाहीत असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, जिला पाहिजे तिने स्वतः यावं आणि तोंडाने मागावं, तुमच्या हाती देणार नाही. बुलडाण्याला जायचं, तिथून मेहकर, पुढे हिवरा, सकाळी निघालं तर दिवेलागणीला परत. मी गाड्यांच्या वेळा लिहून लाटणारीच्या पोळपाटाखाली ठेवल्या. दोन आठवड्यांनी पाहिलं तर कागद तिथेच होता, त्यावर पिठाचा गोल उमटला होता.

वहीच्या आजच्या पानावर या हंगामाची कामं अशी. डबे धुऊन ठेवणे: झालं. वाळवणाच्या साड्या, चादरी, जुन्या खाटा आवरणे: झालं. उरलेला पापडखार मळणारीकडे देणे: झालं. लाटणारीने हिवऱ्याला जाऊन मावशींकडून ‘आय’ आणणे: बाकी.